चार-पाच पानं

दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची छोटी. "काकू, आईने ओव्याची चार-पाच पानं मागितलीत. दादाला सर्दी झालीय."

"चार की पाच?"

पोर गांगरली. "विचारून येते," म्हणत खरंच जिना चढायला लागली. तिला परत बोलावलं आणि सहा पानं दिली.

ही माझी जुनी खोड आहे. औषधी झाडांचा सगळा कारभार 'चार-पाच पानां'वर चालतो, आणि मला तो सहन होत नाही. पान केवढं ते कोणी सांगेल? पावसाळ्यात माझ्या कुंडीतला पानओवा तळहाताएवढी पानं धरतो. जाड, लवदार, बोटांनी दाबलं तर कट्‌कन मोडणारी. उन्हाळ्यात त्याच फांदीवर नखाएवढी पानं येतात आणि वास मात्र नाकात चढतो. आलं घ्यायचं ते बोटाच्या पेराएवढं. कोणाच्या बोटाच्या? गवती चहाच्या म्हणे दोन काड्या. त्या काढताना पातीच्या कडेने बोट कापतं, त्याचं माप कोणीच सांगत नाही.

बरं, ही झाडं लावायला अक्कल लागत नाही, म्हणून तर ती माझ्याकडे टिकली. पानओव्याची फांदी मोडायची, मातीत खोचायची, विसरून जायचं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर ती बिया धरायच्या नादाला लागते आणि पानांकडे दुर्लक्ष करते, एवढंच काय ते सांभाळायचं. पुदिना मात्र बदमाश. मातीखालून धावतो आणि लांबट कुंडीत त्याच्या शेजारी लावलेलं सगळं गिळतो. त्याला वेगळ्या कुंडीत डांबावं लागतं.

पुदिन्याचं आणखी एक आहे. पान चावलं की तोंड गार पडतं ना? पडत नाही. तोंड होतं तेवढंच गरम असतं. थंडी ओळखणारी जी दारं मज्जातंतूंवर असतात, त्यांची कडी त्यातलं मेन्थॉल परस्पर वाजवतं आणि आत निरोप जातो, 'थंडी आली.' डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळेत मेन्थॉल वापरूनच हे दार शोधून काढलं. स्पर्श आणि तापमान आपल्याला कसं कळतं, याच्या शोधासाठी २०२१ साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे चोंदलेलं नाक पुदिन्याच्या वाफेने 'मोकळं' होतं तेव्हा बऱ्याचदा ते तितकंच चोंदलेलं असतं, फक्त आपल्याला तसं वाटत नाही. माझी काही तक्रार नाही. रात्री दोन वाजता वाटणं पुरे असतं.

कोरफडीपाशी मात्र वाटण्यावर भागत नाही. पान कापलं की सालीलगतून पिवळा चीक पाझरतो, कडू आणि उग्र. तो पोटात गेला की जुलाब. म्हणून कापलेलं पान वाटीत उभं करून ठेवायचं, चीक थेंबाथेंबाने गळून जाऊ द्यायचा आणि मग आतल्या गराला हात लावायचा. तोही भाजलेल्या बोटावर लावायला. घाईच्या माणसाने कोरफड शोभेला ठेवावी.

मापाची ही खोड मला वडिलांकडून आली. दारात अडुळसा होता. त्याच्या वाटेला बकरीसुद्धा जात नाही, म्हणून तो कुंपणाला लावलेला. कोणाला खोकला झाला की वडील त्यालाच पाठवायचे, "खोकला तुझा, पान तू आण." कोवळं आणलं तर परत, पिवळं आणलं तर परत. शेवटी मंजूर झालेलं पान ते तव्यावर धरायचे. कच्च्या पानाला पिळून पिळून थेंब निघत नाही. ऊब लागली की ते मऊ पडतं, मग फडक्यात मुरगळायचं. काळपट हिरवा रस चमच्यात घेऊन ते चमचा खिडकीशी, डोळ्यांच्या रेषेत धरायचे. जास्त झाला तर उरलेला ओतून टाकायचे. आमच्या डोळ्यांदेखत, मधाच्या बाटलीचं झाकण लावत.

त्या पानातल्या वासिसिनवरून पुढे ब्रोमहेक्झिन तयार झालं, हे मला फार उशिरा कळलं. खोकल्याच्या त्या गोळीवर ८ मिलिग्रॅम असं स्वच्छ छापलेलं असतं. वडिलांना ती गोळी दाखवायला हवी होती, खूश झाले असते. वासिसिनने गर्भाशयही आकुंचन पावतं, त्यामुळे पोटुशी बाई पानं मागायला आली की ते सरळ नाही म्हणायचे. कारण विचारायची सोय नव्हती.

गल्लीतले एक गृहस्थ रोज सकाळी पानं न्यायला येत. खोकला हटत नव्हता. आधी दोन पानं न्यायचे, मग मूठभर. महिना होत आला तेव्हा वडील फाटकात आडवे उभे राहिले. "आता पानं नाहीत. दवाखान्यात जा, बेडका तपासून घ्या." मागे अडुळसा हिरवागार, पानांनी लगडलेला. गृहस्थांचा चेहरा पडला. झाडाची पानं नाकारतो म्हणजे काय माणूस! आज कोणीही सांगेल की दोन आठवड्यांच्या वर गेलेला खोकला तपासून घ्यायचाच. तेव्हा फाटकात उभं राहून तसं म्हणणं म्हणजे चार लोकांत अपमान होता.

क्षयच निघाला. पुढे कितीतरी महिने रोज गोळ्या खाऊन ते खडखडीत बरे झाले, अंग भरलं, सायकलवरून कामाला जाऊ लागले. आमच्या फाटकावरून जाताना मात्र मान दुसरीकडे वळवायचे. वडिलांशी ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.