आमची वाटचाल : ओहोटी पाहून आखलेली सहल

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं दुकान मुळात प्रवासाच्या तिकिटांचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. त्याला जोडून आम्ही दोघं अष्टविनायक, नरसोबाची वाडी, गाणगापूर अशा यात्रा नेऊ लागलो. त्या यात्रांत एक गोष्ट सारखी नजरेला यायची. आजी-आजोबांना दर्शन मिळे, आई-बाबांना विसावा, आणि मुलांच्या वाट्याला फक्त बसची खिडकी. पोरांसाठीच एखादी सहल आखायची, हे तिथेच मनाने घेतलं. समुद्र हवा, पण नुसतं पाण्यात डुंबून परत येणं नको, म्हणून अंदमान निवडलं.

तयारी बडोद्यातच सुरू होते. निघण्याआधी सगळ्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बोलावतो. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा इथल्या बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. पण 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा प्राणी 70 फुटांहून लांब आहे, म्हणजे केवढा, हे त्याच्या कडेने पावलं मोजत चाललं की मगच कळतं. ‘तिकडे दिसेल का?’ हा प्रश्न ठरलेला. अंदमानचा राज्यप्राणी डुगाँग, समुद्री गवतावर जगणारी समुद्रगाय, तीही सहसा दिसत नाही, हे आम्ही तिथेच सांगून टाकतो. मुलांना खोटी आशा लावलेली मला खपत नाही.

आमच्या सहलीचा जीव आहे नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर. तिथे प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बेटावरचे बंगाली लोक तिला कौतुकाने हावडा ब्रिज म्हणतात. बरेच लोक कमानीखाली फोटो काढून परततात. खरी मजा असते पायाखाली. ओहोटीला पाणी हटलं की खडकांत लहान-लहान डबकी उरतात आणि त्यांत समुद्रकाकडी, खेकडे, काटेरी समुद्री साळू, ओठ मिटून बसलेले शिंपले दिसतात. स्थानिक वाटाड्या एखाद्या डबक्यापाशी मुलांना उकिडवं बसवतो आणि हलू नका म्हणतो. सावली स्थिर झाली की दडलेले मासे एकेक करून बाहेर येतात. एरवी मिनिटभर न थांबणारी पोरं तिथून उठायला तयार नसतात.

हे दिसायचं तर ओहोटी खोल हवी. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, तेव्हा खडक पुरते उघडे पडत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण. पाणी जितकं चढतं, तितकंच खाली उतरतं. ओहोटीची वेळही रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, आणि नोव्हेंबरात तिथे सूर्य पाचच्या आसपास मावळतो. म्हणून आमच्या तारखा विमानाच्या स्वस्त तिकिटावर ठरत नाहीत. शाळांच्या 21 दिवसांच्या दिवाळीच्या सुट्टीत त्रिपुरी पौर्णिमा येते, तिच्या लगत आम्ही नीलचा मुक्काम बसवतो. रबरी तळाचे बूट सक्तीचे. हात लावायचा नाही आणि मेलेला प्रवाळसुद्धा खिशात घालायचा नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपावर, एलिफंट बीचला लहानग्यांसाठी काचेच्या तळाची होडी. स्कूबा दहा वर्षांखाली नाहीच, पालकांनी कितीही गळ घातली तरी. बाराटांग बेट आम्ही ठेवलेलं नाही. मुलांना मध्यरात्रीनंतर उठवायचं हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, आणि माणसं ही खिडकीतून बघायची गोष्ट नव्हे.

सेल्युलर जेल मात्र प्रत्येक सहलीत असतंच. सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांना 1911 मध्ये तिथे आणलं, हे मराठी घरांत माहीत असतं. बंगाली क्रांतिकारक बारींद्रकुमार घोष त्यांच्याही आधीपासून तिथे होते. त्यांचे थोरले भाऊ अरविंद, म्हणजे पुढचे योगी अरविंद, बडोद्यात शिकवत, तेव्हा बारींद्र इथे त्यांच्याकडे राहून गेले होते. अरविंदांचं दांडिया बाजारातलं घर मुलं येता-जाता पाहतात. जेलच्या कोठडीसमोर हे सांगितलं की मागचे पुढे सरकतात.

कोरोनात सगळं ठप्प झालं, तेव्हा घर चाललं ते तिकिटांचे परतावे मिळवून देण्यावर. त्या दिवसांत जोडलेली कुटुंबंच पुढे सहलीला आली. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. लिलो चेवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा), आलेपाक आणि मेतकूट बरोबर असतं. बोटीत मळमळलेल्या पोराला संध्याकाळी मऊ भात-मेतकूट हवं असतं, हे कुठल्याही हॉटेलला सांगून कळत नाही.

गटात मुलं तेवढीच घेतो, जेवढी खडकांवर आमच्या नजरेत राहतील. मागणी वाढली, तरी गट वाढवला नाही. यंदा दुसरी तारीख काढली. भाऊबीजेची ओवाळणी झाली की त्याच रात्री निघायचं आणि उधाण ओसरण्याआधी थेट नील गाठायचं. पौर्णिमेच्या गटाला चांदण्यामुळे लाटांतल्या सूक्ष्म जीवांचा निळसर प्रकाश नीट दिसत नाही. या गटाचा चंद्र लवकर मावळेल, म्हणून हॅवलॉकच्या एका रात्री मुलांना जरा उशिरापर्यंत जागवणार आहोत. नावनोंदणी श्रावणापासून, दुकानातच.