लाकडाची शेती

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाचा लॅपटॉप घेऊन आला. "मामा, एज ऑफ एम्पायर्स टू अजून खेळण्यासारखा आहे का रे?" लूना अजून चालते का, असं विचारावं तसा सूर. गाव वसवून राज्य वाढवायचा हा कॉम्प्युटर गेम १९९९चा, भाचा २००९चा. तो जन्मला त्याच वर्षी गेम बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ बंद पडला, पण हे सांगून त्याला काय उपयोग?

मी उठून बसलो. हो किंवा नाही एवढ्यात भागलं असतं, पण असले प्रश्न हल्ली मला विचारतंय कोण!

खरं सांगायचं तर यातली लढाई मला कधीच आवडली नाही. आवडतात ती पहिली दहा मिनिटं. एक टाउन सेंटर, तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि भोवती मिट्ट काळोख. त्या काळोखात घोडा गोल गोल फिरवायचा, मेंढ्या सापडल्या की घराकडं हाकायच्या. दर पाच माणसांमागं एक घर. रानडुक्कर अंगावर घेऊन टाउन सेंटरपर्यंत पळत यायचं. त्यात माझा एक तरी गडी जातोच आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटत राहतं. शेतं मात्र टाउन सेंटरला चिकटून, चारी अंगांनी, सरळ ओळीत हवीत. मध्ये झाड आलं तर आधी ते तोडणार, मग शेत. तोवर शत्रू दारात. मित्र म्हणायचे, तू राज्य करत नाहीस, रांगोळी काढतोस.

२००२च्या मे महिन्यात आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तासगावहून आमच्याकडं पुण्याला आले होते. काळा चष्मा, वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. कॉम्प्युटर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ते माझ्यामागं पलंगावर मांडी घालून बसायचे.

"पाऊस कवा पडतुय रं ह्यात?"

"पडत नाही, आजोबा."

"मग हीर कुटाय?"

विहीरही नव्हती. एका शेताला ६० लाकडं लागतात, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लाकूड पेरून धान्य. बरं हाय."

आमच्या सीडीत या गेमची मूळ आवृत्तीच होती, नंतरची भर नव्हती, त्यामुळं शेतातलं धान्य संपलं की ते शेत हातानं पुन्हा घालावं लागायचं. तोवर गडी उघड्या मातीत नुसता उभा. आजोबांना ते सहन व्हायचं नाही. "त्यो बग, डाव्या अंगाचा गडी रिकामा हाय." उजवीकडं शत्रू माझी घरं पाडत असायचा, त्याबद्दल अवाक्षर नाही. रिकामा गडी मात्र त्या काळ्या चष्म्याआडून अचूक टिपायचे.

एकदा मी चक्कीवर क्लिक करून शेवटची सुधारणा लावली.

"आता ह्ये काय?"

"क्रॉप रोटेशन. एकदा हे पीक घ्यायचं, एकदा ते. मग शेत जास्त दिवस टिकतं."

"म्हंजी बेवड."

"हो, तेच असेल."

त्यांनी पडद्यावर नजर फिरवली. "किल्ला बांधून झाला. युनिव्हर्सिटी का काय ती झाली. तोफा झाल्या. आन बेवड आत्ता कळला व्हय ह्यास्नी?"

गेममध्ये खरंच तसं आहे. क्रॉप रोटेशन चौथ्या, शेवटच्या युगात मिळतं. इतकी वर्षं मी ते लावत आलो होतो, पण त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

असो. प्रश्न अजून खेळावा का, हा होता. २०१९च्या नव्या आवृत्तीत शेतं आपली आपण पुन्हा लागतात, म्हणजे आजोबांना काही काम उरलं नसतं. २०२२ मध्ये भारतावरचा भाग आला: राजेंद्र चोळ आला, द्रविड, बंगाली, गुर्जर आले. मराठे नाहीत, काळात बसत नाहीत म्हणे, मी अजून रुसलेलो आहे. गुर्जरांना मात्र मेंढ्या कापाव्या लागत नाहीत, नुसत्या चक्कीत नेऊन ठेवल्या की अन्न येत राहतं. हे आजोबांना पटलं असतं. त्याच वर्षी जर्मनीत हायडलबर्गच्या खऱ्या किल्ल्यात या गेमची मोठी स्पर्धा झाली. तेव्हा कुणी खेळत नाही असं म्हणायची सोय नाही.

भाच्याला हे सगळं कशाला सांगत बसा, म्हणून सरळ खेळायलाच बसवलं. तो खेळतोय, मी मागं पलंगावर. तासाभरात चौथं युग आलं.

"मामा, हे क्रॉप रोटेशन घेऊ का?"

"घे. त्याला बेवड म्हणतात."

"म्हणजे?"

"एकदा हे पीक, एकदा ते."

"कशानंतर काय घ्यायचं?"

तासगावची जमीन २०११ मध्ये विकली. तोपर्यंत आजोबाही नव्हते. आईला माहीत असेल का, फोन करावा का, असं मनात येऊन गेलं.

"तो बघ," मी म्हटलं, "डाव्या अंगाचा लाकूडतोड्या रिकामा आहे."