अमेरिकन, जन्म इंग्लंड

काल न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधून आल्यापासून चित्राशेजारची, चित्रकाराच्या नावाची ती पाटी डोक्यातून जात नाहीये. टॉमस कोल, अमेरिकन, जन्म इंग्लंड. सगळे चित्र बघत होते आणि मी पाटी.

चित्र 'ऑक्सबो', 1836 चं. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलिओकवरून दिसणारं कनेक्टिकट नदीचं वळण. डावीकडे वादळाने झोडपलेलं रान, मोडका बुंधा. उजवीकडे ऊन आणि आखीव शेतं. हीच म्हणे अमेरिका. आणि ती काढली कुणी, तर 1818 मध्ये लँकेशायरच्या बोल्टनहून आलेल्या 17 वर्षांच्या पोराने. मला इथे येऊन... असो. मला अजून विचारतात, मूळच्या कुठल्या? न्यू जर्सी म्हटलं की, नाही, खरंच कुठल्या?

अमेरिकेचे डोंगर-दऱ्या रंगवणारे बाकीचे चित्रकारही तसेच. बायरस्टाट जर्मनीतल्या सोलिंगेनचा. मोरान तर पुन्हा बोल्टनचाच! 1872 साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच वर्षी तिथल्या दरीचं त्याचं चित्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 10,000 डॉलरला घेतलं. फ्रेडरिक चर्च तेवढा इथे जन्मलेला, पण तोही कोलचा चेला. बाहेरून आलेल्यांनी डोंगर दाखवले आणि देश म्हणाला, अरे, हे तर आम्हीच! मग मलाच का एवढं लागावं?

नवरा म्हणाला, "अगं, गोरा होता तो." हो, तेही आहेच.

बायरस्टाटच्या 1863 च्या रॉकी पर्वताच्या चित्रात खाली शोशोनींचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीचा, तळ आहे, तंबू, घोडे, सगळं निवांत. त्याच वर्षी जानेवारीत बेअर नदीकाठी सैन्याने शोशोनींची कत्तल केली होती. त्यांना कुणी विचारलं असतं, मूळचे कुठले? हे फार झालं, आज नको.

परत कोलकडे. 'ऑक्सबो'त तो स्वतःही आहे, खडकांच्या बेचक्यात, नखाएवढा. हातात ब्रश, मान मागे वळवून थेट आपल्याकडे बघतोय. सहा फुटांहून रुंद कॅनव्हास, अख्खी दरी रंगवली, आणि स्वतःला जागा घेतली ती एवढीशी. तरी वळून बघतोच आहे, कुणी बघतंय का म्हणून. हसूच आलं मला. बाबा रे, तुलाही खात्री नव्हती वाटतं.

मी तर नुसता टॅक्स भरते. माझी कसली पाटी लागणार, आणि लागली तरी कुठे?

आता न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलला कोलचं घर बघायला जायचं म्हणतेय. मुलं आत्तापासूनच कुरकुरतायत, डब्यात पुऱ्या देईन म्हटल्यावर जरा गप्प झाली.