पाठीमागून पाहिलेला टीव्ही

डबा टीव्ही बिघडला की घरात दोन मतं पडतात. भंगारवाल्याला देऊन टाका हे एक, आणि वरून सणसणीत थाप मारा हे दुसरं. दुसऱ्या मताला लोक हसतात, पण त्यात तथ्य आहे. थाप मारल्यावर चित्र परत येत असेल, तर बहुधा आतलं काही जळलेलं नाही, कुठेतरी सोल्डर सुटलंय, एवढं निदान त्या थापेनं फुकटात केलेलं असतं. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. सेट संध्याकाळी तापतो, रात्री गार होतो. पिन, सोल्डर आणि बोर्ड आपापल्या हिशेबानं फुगतात-आकसतात, आणि काही वर्षांत पिनेभोवती केसाएवढी गोल भेग पडते. जिथे भाग जड आणि गरम, तिथे ती आधी पडते: एलओटीच्या (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या) पिना, लाइन ड्रायव्हरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकल आयसी, ट्यूबच्या मानेवरच्या योक नावाच्या कॉइलचं कनेक्टर. बॅटरीचा उजेड तिरका पाडून भिंगातून पाहिलं की भेग दिसते. वरून थोडं सोल्डर फासून भागवू नये. जुनं सगळं पंपानं ओढून घ्यायचं, पिन खरवडायची आणि मग नवं ६०/४० सोल्डर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) द्यायचं. एलओटीच्या जाड पिनांना २५ वॅटचं आयर्न पुरत नाही. उष्णता आतपर्यंत पोचत नाही आणि आपल्या हातून नवा ड्राय सोल्डर तयार होतो. तिथे ४०-५० वॅटचं घ्यावं.

पिक्चर ट्यूबचा सेट मला आवडतो तो एवढ्यासाठी, की तो आपलं दुखणं लपवत नाही. हल्लीचा टीव्ही काळाठिक्कर पडतो आणि कोपऱ्यातला लाल दिवा मिचकावत बसतो. जुना सेट पडद्यावर सगळं लिहून देतो. वाचता आलं की झालं.

सगळ्यात सोपं अक्षर म्हणजे मध्यावरची एकच आडवी पांढरी रेघ. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे धावतो. त्या ओळी वरपासून खालपर्यंत पसरवायचं काम व्हर्टिकल विभागाचं. तो बसला की सगळ्या ओळी मधोमध एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि सगळ्या चित्राचा उजेड त्या एका रेघेत गोळा होतो. म्हणून पहिलं काम ब्राइटनेस उतरवण्याचं. नाहीतर बिघाड निघेल, पण पडद्यावर जळकी रेघ कायमची राहील. मग व्हर्टिकल आयसीच्या सप्लाय पिनेवर मीटर धरायचा. एलए ७८४० सारख्या आयसीला तिथे २४ ते २६ व्होल्ट लागतात. व्होल्टेज नसेल तर वाटेतला एक ओहमच्या आसपासचा फ्यूजिबल, म्हणजे फ्यूजसारखा उडणारा, रेझिस्टन्स गेलेला सापडतो. तो सहसा आपणहून उडत नाही. आयसी शॉर्ट झाला म्हणून उडतो, तेव्हा दोन्ही बदलायचे.

रेघ नाही, पण चित्राचा वरचा भाग निऱ्यांसारखा दुमडलाय किंवा वरच्या बाजूला पांढऱ्या रेषा दिसतात, असं असेल तर आयसीला हात लावायची गरज बहुधा पडत नाही. त्याच्या शेजारी हीटसिंकला चिकटून बसलेला १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कंडेन्सर सुकलेला असतो. इतक्या गरम जागी तो कुणी बसवला, हा प्रश्न बोर्ड आखणाऱ्याला विचारायला हवा. नवा घेताना ८५ अंशांपर्यंत टिकणारा घेऊ नये, १०५ अंशांचा मागावा. व्होल्टेज जास्त चालतं, ३५ च्या जागी ५० खुशाल टाका. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच हवेत, आणि पट्टीवरची उणे खूण बोर्डावरच्या खुणेशी जुळवायची.

आता सेट साफ डेड. आवाज नाही, दिवा नाही. इथे पडदा गप्प असतो, पण फ्यूज बोलतो. काचेच्या फ्यूजमधली तार मधोमध नुसती तुटलेली दिसली तर तो वयानं किंवा एखाद्या झटक्यानं गेला असेल. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे ठार शॉर्ट आहे. तिथे नवा फ्यूज टाकणं म्हणजे आणखी एक फ्यूज वाया घालवणं, आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे बोर्डाला काडी लावणं. शॉर्टचे नेहमीचे आरोपी तीन: ब्रिजचे, म्हणजे एसीचं डीसी करणारे, चार डायोड, एसएमपीएसचा (सेटच्या पॉवर सप्लायचा) पॉवर ट्रान्झिस्टर किंवा आयसी, आणि पॉझिस्टर.

पॉझिस्टरवर जरा थांबायला हवं. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं आणि घराघरांत हळूहळू एक नवा आवाज आला: बटण दाबताच ‘ढुम्म’. ट्यूबभोवती गुंडाळलेल्या डिगॉसिंग कॉइलमधून क्षणभर मोठा करंट जातो आणि ट्यूबच्या आतल्या लोखंडी जाळीत साचलेलं चुंबकत्व पुसून टाकतो. पॉझिस्टर गार असताना वीसेक ओहमचा असतो. करंटनं तापला की त्याचा रोध प्रचंड वाढतो आणि कॉइल जवळजवळ बंद पडते. त्याच्या डबीतली वडी फुटली की कधी फ्यूज धडाकन उडतो, तर कधी नुसता ‘ढुम्म’ बंद होतो आणि काही दिवसांनी कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग उमटतात. डबी काढून कानाशी हलवावी. आत खुळखुळलं तर निदान झालं. डाग असतील आणि पॉझिस्टर ठीक असेल, तर शेजारी मोठा स्पीकर ठेवलाय का ते बघा.

फ्यूज शाबूत आहे आणि तरी सेट डेड, हा प्रकार अधिक मजेशीर. ब्रिजनंतरच्या मोठ्या कंडेन्सरवर ३०० ते ३२५ व्होल्ट मिळत असतील, तर वीज दारापर्यंत आलीय पण एसएमपीएस उठत नाही. त्याला पहिला धक्का देणारा शंभर-दोनशे किलोओहमचा स्टार्टिंग रेझिस्टन्स रोज ३०० व्होल्ट सोसून ओपन झालेला, म्हणजे आतून तुटलेला असतो. दोन-चार रुपयांचा भाग. मात्र अशा सेटमध्ये त्या कंडेन्सरचा चार्ज वापरणारं कुणीच नसल्यामुळे प्लग काढल्यावरही ३०० व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात. एक ते पाच किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टन्स पक्कडीत धरून कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवायचा आणि मीटरवर शून्य बघूनच बोट आत घालायचं. मीटरची काळी पिन कुठे लावली यालाही महत्त्व आहे. मेनकडच्या बाजूला मोजताना ती मोठ्या कंडेन्सरच्या उणे टोकाला हवी, पुढची व्होल्टेजेस मोजताना ट्यूनरच्या, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या डबीच्या, पत्र्याला. उलटसुलट केलं की भलतेच आकडे येतात आणि माणूस धडधाकट भाग उपटत सुटतो.

दुरुस्तीनंतर सेटचा प्लग थेट भिंतीवरच्या बोर्डात खुपसू नये. १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावा, एलईडी बल्ब इथे निरुपयोगी. डिगॉसिंग कॉइलचं कनेक्टर तेवढ्यापुरतं काढून ठेवायचं, नाहीतर तिचाच करंट बल्ब पेटवतो. बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि नवा भाग बल्बानं वाचवला.

खरी परीक्षा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरची, म्हणजे एलओटीला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरची. बीयू ५०८, डी १५५५, डी २४९९ ही नावं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उच्चारली की समोरचा माणूस ओळखीचं हसतो. बेस, कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे तीन पाय. कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत असेल तर तो गेला. पण डी १५५५ किंवा डी २४९९ च्या बेस-एमिटरमध्ये आतच चाळीसेक ओहमचा रेझिस्टन्स असतो, आणि बोर्डावर असताना ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तिथे जवळजवळ शून्य दाखवते. तेवढ्यावरून चांगला ट्रान्झिस्टर फेकला जातो. आणि गेलेला बदलून, सेट चालू होताच ‘झालं’ म्हणणं, ही तर सगळ्यात महागडी घाई. दुसरा ट्रान्झिस्टर पाच मिनिटांत जातो, तिसरा पाच सेकंदांत. तो मेला कशानं, हे आधी शोधायला हवं.

एक कारण म्हणजे बी प्लस, म्हणजे या ट्रान्झिस्टरला मिळणारं मुख्य व्होल्टेज, चढणं. एसएमपीएसमधला ४७ मायक्रोफॅरडचा एखादा छोटा कंडेन्सर सुकला की ११०-११५ व्होल्टची रेषा १४०-१५० वर जाते. तपासायला ट्रान्झिस्टर काढून ठेवायचा आणि बी प्लस ते ग्राउंड ६० वॅटचा बल्ब लोड म्हणून लावायचा. व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर थांबलं तर एसएमपीएस निर्दोष. दुसरं कारण कलेक्टरवरचा पल्स कंडेन्सर, सात-आठ नॅनोफॅरडचा, १.६ किंवा २ किलोव्होल्टचा. तो ओपन झाला की कलेक्टरवरचा झटका कितीतरी उंच जातो आणि ट्रान्झिस्टर टिकत नाही. याच्या जागी जवळचा आकडा चालवून घेऊ नये, कारण ट्यूबचं हाय व्होल्टेज त्याच्यावर ठरतं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं तर एक्स-रेचाही प्रश्न येतो. तिसरं कारण एलओटी. आतली गुंडाळी शॉर्ट झाली की ट्रान्झिस्टर मिनिटभरात चटका देण्याइतका तापतो आणि बी प्लस कोसळतं. कधी एलओटीच्या अंगावर फुगवटा किंवा बारीक भोक दिसतं. ती अंगावरच्या नंबराबरहुकूमच घ्यावी. दिसायला सारखी असणं पुरत नाही, पिनांची मांडणी वेगळी निघते. चौथं कारण बाजारातला नकली ट्रान्झिस्टर, आणि ते हल्ली पहिल्या क्रमांकावर यायला हरकत नाही.

मुंबई-कोकणात जूनपासून एक वेगळाच आजार सुरू होतो. सेट लावला की आतून ‘सर्रर्र’ आवाज, ओझोनचा तिखट वास, अंधारात निळसर ठिणग्या. २१ इंची रंगीत ट्यूबला २४-२५ हजार व्होल्ट लागतात आणि ते जिथून ट्यूबमध्ये शिरतात त्या रबरी अॅनोड कॅपखाली साचलेली दमट धूळ त्यांना पळवाट देते. चित्र आधी धूसर आणि अर्ध्या तासानं स्वच्छ होत असेल तर ट्यूबच्या मानेवरचं सॉकेट गंजलंय, ते सरळ बदलावं. कॅपखालची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायची. त्याआधी प्लग काढून ट्यूब डिस्चार्ज करायची: एका वायरचं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या विणलेल्या अर्थ पट्टीला, दुसरं लांब, चांगल्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरला, आणि त्याचं पातं हलकेच कॅपखाली. एक हात पाठीमागे. चट् आवाज येतो. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. ट्यूबच्या मानेला धक्का लागू द्यायचा नाही. ती तुटली तर आत हवा शिरते आणि ट्यूब संपते. हा परिच्छेद वाचून पोटात गोळा आला असेल, तर झाकण उघडू नये, मेकॅनिकला बोलवावं. पावसाळ्यात ऊब शोधत आलेली पाल मात्र त्यालाही अधूनमधून सापडते, एसएमपीएसच्या सोल्डरच्या दोन सांध्यांमध्ये आडवी.

रंगांचं दुखणं त्या मानानं सोपं. पडदा एकाच रंगानं भरून तिरप्या रेषा दिसल्या तर ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या छोट्या बोर्डात त्या रंगाचा ट्रान्झिस्टर शॉर्ट. सगळंच पांढरं भगभगीत आणि तिरप्या रेषा, तर १८० व्होल्टची सप्लाय किंवा तिथला १० मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा कंडेन्सर बघायचा. चेहरे चंदेरी दिसतात आणि वीस मिनिटांनी माणसात येतात, तर ट्यूब थकली. मेकॅनिक एलओटीच्या फेराइटवर वायरचे एक-दोन वेढे घालून हीटरचं, म्हणजे ट्यूबच्या मानेतल्या तापणाऱ्या तारेचं, व्होल्टेज थोडं वाढवतात. चित्र उजळतं, पण काही महिन्यांपुरतं.

सेट सुरू झाला की प्रश्न उरतो त्यावर बघायचं काय. दूरदर्शनचे बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले आणि गच्चीवरचा अँटेना कपडे वाळत घालायला मोकळा झाला. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी मागच्या एव्ही सॉकेटला जातात. आवाजाचं भोक एकच असेल तर बॉक्सचा ऑडिओ मोनोवर ठेवावा, नाहीतर एका बाजूचा आवाज गायब. एव्ही सॉकेटच नसेल तर बॉक्सचं चित्र अँटेनाच्या भोकातून देणारा आरएफ मॉड्युलेटर लागतो. एवढं करूनही बातम्यांच्या पट्टीतली पहिली-शेवटची अक्षरं कापलेली दिसतात. हा बिघाड नाही. प्रसारण १६:९ चं, पडदा ४:३ चा, आणि जुने सेट कडेचा थोडा भाग मुद्दामच चौकटीमागे दडवतात. बॉक्सच्या मेनूत ४:३ आणि लेटरबॉक्स निवडलं की दोन्ही कडांचं बरंचसं चित्र परत मिळतं, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं की टीव्ही पुन्हा बिघडला.