तुम्ही विचारलंत म्हणून : लेकराला वेल्डिंग कुठं शिकवावं?

दहावीचा निकाल लागला की परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या माझ्या दुकानापुढं मोटारसायकली थांबायला लागतात. बाप पुढं, लेकरू मागं. विचारणं एकच : "भाऊ, ह्याला आयटीआयला घालावं, का तुमच्या दुकानावरच ठेवता? तिथं वर्ष जातंय, इथं चार पैसे तरी मिळतील."

मी म्हणतो, आयटीआयला घाला.

मी आधी दुकानात शिकलो. तिथं उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. पहिलं वर्ष अँगल धरण्यात आणि ग्राइंडर मारण्यात गेलं. होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, हातात आला तो थेट गिऱ्हाइकाच्या जॉबवरच. लोखंड मालकाचं, रॉड मालकाचा, आणि कारखाना सुरू व्हायच्या आत ट्रॉली द्यायची. तिथं चुकायला जागाच नसते. चुकलंच तर वरून आणखी एक थर मारायचा, घासायचं, रंग द्यायचा. ट्रॅक्टरला जोडायची एक दांडी मी अशीच जोडली. वरून चकचकीत, आत स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा वितळून घट्ट झालेला मळ, अडकलेला. भरल्या उसाची ट्रॉली चढावर असताना ती तुटली. मागं माणूस नव्हतं म्हणून वाचलं. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या वर्षी आयटीआयला नाव घातलं. वर्गात सगळ्यात थोरला मीच.

तिथं सुरुवातीचे कितीतरी दिवस सपाट पट्टीवर नुसत्या सरळ रेघा ओढायच्या. ३.१५ मिलिमीटरचा रॉड, १०० ते १२० अँपिअर. करंट कमी पडला की रॉड चिकटतो, जास्त झाला की जोडाची कड खाल्ली जाते. बरोबर बसला की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. तो कानाला ओळखू यायला मला तीन आठवडे लागले. मग स्लॅग झाडून जोड सरांपुढं ठेवायचा. सर तो व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं मोडायचे. मोडल्यावर आतलं सगळं उघडं पडतं : अडकलेला स्लॅग, वायूची भोकं, मुळापर्यंत न वितळलेलं लोखंड. माझी दांडी का तुटली ते मला तिथं दिसलं. ७०१८ नावाच्या जातीचा रॉड दमट झाला की त्यातल्या ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी जोड आतून तडकू शकतो, म्हणून तो भट्टीत वाळवून वापरायचा, हेही तिथंच कळलं. दुकानात रॉडचा पुडा फोडून पावसाळाभर तसाच कोपऱ्यात पडलेला असायचा.

कागदाचं थोडक्यात सांगतो. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास चालतो. शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येतं. वाळूज, शेंद्रा, जालना, कुठंही जायचं तर हा कागद कामाला येतो.

पण डोळे झाकून कुठल्याही आयटीआयला घालू नका. नाव घालायच्या आधी वर्कशॉपमध्ये जा आणि एका पोराला दिवसाला किती रॉड जाळायला मिळतात ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर जळक्या रॉडच्या थोटकांची बादली बघा, मोडलेल्या पट्ट्यांचा ढीग बघा. मशिनीवर धूळ आणि बादली रिकामी असेल तर फी कितीही कमी असो, तिथून माघारी फिरा. वेल्डिंग वहीत लिहून येत नाही. लेकराला लोखंड वाया घालवायला मिळालं पाहिजे, आणि ते का वाया गेलं हे सांगणारं माणूस शेजारी उभं पाहिजे. दुकानदाराला हे परवडत नाही, मलाही परवडत नाही. म्हणून मी तुमचं पोरगं ठेवून घेत नाही.

आणखी एक. हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची असू द्या. उघड्या डोळ्यानं आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, बघितला की लगेच काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

वर्ष संपलं की त्याला माझ्याकडं घेऊन या. मी दोन पट्ट्या उभ्या धरून देईन, खालून वर जोड भरायला लावीन. मग तुमच्यासमोरच तो मोडून बघू.