मूल्यांचीच टक्कर होते तेव्हा

आज दिवसभर बहुलवादावर, म्हणजे सत्ता असो की मूल्यं, ती एक नसून अनेक असतात या विचारावर, वाचत होतो, डोकं अजून त्यातच आहे. राज्यशास्त्रात रॉबर्ट डाल यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराच्या अभ्यासातून दाखवलं, की सत्ता एकाच गटाच्या मुठीत नसते. शाळांबाबत एकांचं चालतं, पुनर्विकासात दुसऱ्यांचं.

पण मला खरं गुंतवलं ते तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी. १९५८ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात ते म्हणतात, स्वातंत्र्य, समता, न्याय ही सगळी मूल्यं खरीच, तरी ती एकमेकांना छेद देतात आणि त्यांना मोजायला एकच माप नाही. गंभीर आजारी माणसाला खरं सांगावं की त्याचं मन जपावं? एक निवडलं की दुसरं हातचं जातं, आणि ते गमावणं खरंखुरं असतं. (यावरून बर्लिन यांना ‘काहीही चालतं’वाल्यांत बसवणं मला साफ नामंजूर आहे.)

जैनांचा अनेकांतवाद वेगळ्या वाटेनं जातो. वस्तूला अनंत गुणधर्म, आपली प्रत्येक नजर अपुरी. म्हणून दिसणारा विरोध आपल्या एकांगीपणातून येतो. बर्लिन यांच्या मते मात्र सगळं कळलं तरी निवड करावीच लागते. आज तरी मला तेच जास्त पटतंय.