नळी तीच, गोळी नवी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या माणसाला बंदुकीचे अप्रूप नसते. वरातीत, बँकेच्या दाराशी, कुणाच्याही खांद्यावर ती दिसते आणि 'बारा बोअर', 'तीनशे पंधरा' हे शब्द आम्हाला शाळेत असतानाच पाठ होते. तरीही रायफलीची नळी आतून कशी असते हे मी पहिल्यांदा पाहिले ते इथे, अमेरिकेतल्या मोंटानात, शेजारच्या आजोबांमुळे.

त्यांच्या वडिलांची 'थर्टी-ओ-सिक्स' रायफल आतून पार खराब झाली होती. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे क्षार नळीत राहतात आणि हवेतील ओल शोषून पोलाद खातात. हे क्षार पाण्याने धुतले जातात, नुसत्या तेलाने नाही, आणि घरात वर्षानुवर्षे फक्त तेलच फिरवले गेले होते. नवी नळी बसवणे सोपे होते, पण आजोबांना वडिलांच्या हातातली हीच नळी हवी होती, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. मग उरला एकच मार्ग : तीच नळी आतून कोरून मोठी करायची आणि तिच्यात जाड गोळीचे काडतूस वापरायचे.

गनस्मिथने, म्हणजे बंदुकांच्या कारागिराने, नळीत बारीक कॅमेरा घालून मला गंजाचे खड्डे दाखवले. त्याचा हिशोब असा : गोळीला पीळ देणाऱ्या नळीतल्या जुन्या खाचांच्या तळाशी व्यास ०.३०८ इंच, नळी ०.३५० इंचापर्यंत मोठी केली की प्रत्येक बाजूने ०.०२१ इंच पोलाद निघते आणि जुन्या खाचांबरोबर खड्डेही जातात. खड्डे याहून खोल असते, किंवा तोंडाशी नळी पातळ असती, तर त्याने काम घेतलेच नसते, कारण काढलेले पोलाद परत येत नाही.

मग नव्या पिळाच्या खाचा. एकाच दाताचे हत्यार तेलात भिजवून, नळी ठरलेल्या वेगाने फिरत असताना आरपार ओढायचे. एका फेरीत इंचाचा जेमतेम दहा-हजारावा भाग निघतो, म्हणजे ०.००४ इंच खोलीसाठी प्रत्येक खाचेला चाळीसेक फेऱ्या. बाहेर येणारा कीस बोटावर घेतला तर तो डोळ्यांना दिसत होता, पण हाताला जाणवत नव्हता. इतका संयम मी क्वचितच पाहिला आहे.

काडतूस बसते त्या घराचे काम त्या मानाने थोडे होते. आता वापरायचे, १९२२ मध्ये तयार झालेले 'थर्टी-फाइव्ह व्हेलन' हे काडतूस मुळात थर्टी-ओ-सिक्सच्या पुंगळीची मान रुंद करून केलेले असल्याने बाकीचे घर तेच राहते. घराची खोली तपासायला काडतुसाच्या आकाराचे दोन गेज असतात : एका गेजवर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. दोन्ही त्याने माझ्यासमोर लावून पाहिले.

आपल्याकडे असे रूपांतर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय करता येत नाही, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या मित्रांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी नळीवरचा काडतुसाचा जुना आकडा खोडून नवा ठोकला गेला. जुने काडतूस या नव्या घरात सहज शिरते, पण त्याची गोळी नळीला सैल होते आणि ते धोक्याचे आहे. त्यामुळे घरी पोहोचताच आजोबांनी कपाटातला जुन्या काडतुसांचा डबा काढला आणि त्याच संध्याकाळी पुतण्याच्या हवाली केला.